माझ्या पोटावर पोसलेले तुडतुडे

मित्रांनो, बेइपूच्या डोंगरात लानमोयच्या दारापाशी माती भरलेलं एक पितळी भांडं आहे. त्यात चहाचं रोप आहे. रोपाचं कौतुक नंतर करा. ते भांडं म्हणजे मी, एके काळचा फवारणीचा पंप!

लानमोयचा नवरा मला पाठीवर घ्यायचा तेव्हा माझा काय तोरा असायचा! उजाडताच आम्ही मळ्यात. माझे वैरी, ते हिरवे तुडतुडे, त्या वेळी कोवळ्या पानांखाली बसून रस पीत असत. ऊन तापलं की झुडपाच्या आत सावलीला दडायचे, कललं की पुन्हा शेंड्यावर हजर. फांदी हलवली की खेकड्यासारखे तिरके पळायचे. त्यांची सगळी दिनचर्या मला पाठ होती. घरी आलो की लानमोय मला राखेने घासून लख्ख करायची.

नवरा वारला आणि माझे दिवस फिरले. लानमोय आपल्या सासूसारखा उन्हाळी चहा करू लागली. तुडतुडे चावलेल्या पानांचाच! त्याला म्हणे मधाचा वास येतो. वर्षभराचं घर त्या एका चहावर चालायचं. मी पडवीच्या कोपऱ्यात, आणि ही रोज सकाळी पानं उलटून विचारायची, "आलात का रे माझ्या सोन्यांनो? खा, पोटभर खा!"

सोन्यांनो! मला उभ्या जन्मात कुणी सोन्या म्हटलं नाही. नुसता जळफळाट व्हायचा माझा.

एका उन्हाळ्यात ती भावाच्या घरी लग्नाला गेली. मळा राखायला तिचा जावई आखिम आला. गडी सपाटीवरच्या भातशेतीतला. पिवळे पडलेले, मुडपलेले शेंडे पाहून तो बायकोला म्हणाला, "अगं, तुझ्या आईचा मळा किड्यांनी खाल्ला की! बिचारीला एकटीला झेपत नसेल."

"आई आल्यावर विचारू ना," बायको म्हणाली.

"येईपर्यंत काय उरणार? खूश होतील बघ सासूबाई."

त्याने मला खांद्यावर घेतलं. मित्रांनो, त्या पहाटे मी एकही वैरी सोडला नाही. सूड उगवल्याचा असा आनंद मला कधी झाला नव्हता.

लानमोय परतली. ओळींतून फिरली, पानं उलटून पाहिली. सगळीकडे सामसूम. ती मटकन बांधावरच बसली.

"सासूबाई, एक किडा शिल्लक ठेवला नाही!" आखिम छाती फुगवून म्हणाला.

"हो ना, जावईबापू. किडे मेले आणि चहाही मेला," ती हळूच म्हणाली. आखिमचा चेहरा खर्रकन उतरला.

त्या उन्हाळ्यात चहा झालाच नाही. जावयाला बोलायची सोय नाही, म्हणून सगळा राग माझ्यावर निघाला. "हा मेला घरात राहिला म्हणून!" असं म्हणत तिने माझं तोंड कापून घेतलं, मला सोडा घालून पुन्हा पुन्हा धुतलं, पावसात उपडं टाकलं, मग माती भरून त्यात चहाचं रोप लावलं.

आता तुडतुडे परत आलेत. सकाळी माझ्याच रोपावर पंगत बसते. लानमोय रोज माझ्यापाशी येते, गुडघे धरून वाकते आणि पान उलटून त्यांच्याशी बोलते.

मित्रांनो, तिच्याकडे चहा प्यायला आलात तर पानाखालच्या त्या लाडक्यांना जरूर बघा. पण जाता जाता पितळेवरूनही एकदा हात फिरवा. राख नसली तरी चालेल.