विहिणीपुढची चाल

तुळशीराम आबाजींच्या डोक्यात पाणी साचलं होतं आणि पाय मात्र फरशीला चिकटून बसले होते. सौंसरच्या घरी ओट्यापासून नळापर्यंत दहा-बारा पावलं. तेवढ्याला त्यांना पंचेचाळीस सेकंद लागत. दहावीतली नात छाया रोज घड्याळ लावून मोजायची.

नागपूरचे मेंदूचे डॉक्टर महिन्यातून एकदा पांढुर्ण्याच्या एका दवाखान्यात येत. ते म्हणाले, "ऑपरेशन सगळ्याच म्हाताऱ्यांना लागू पडत नाही. आधी चालवून बघू. मग कमरेतून सुईनं थोडं पाणी काढू आणि तीन तासांनी परत चालवू. चाल सुधारली तरच ऑपरेशन."

आबाजी दवाखान्याच्या दहा-बारा पावलांच्या व्हरांड्यात उभे राहिले, तेवढ्यात छायाची नानी अंबाबाई येऊन ठेपली. ती पांढुर्ण्यातच राहायची. आबाजींची विहीण. व्याह्याला ती 'इवाई' म्हणायची.

"काय इवाई, पाय रुसले म्हणे तुमचे?"

झालं. आबाजींनी छाती काढली आणि दातओठ खात वीस सेकंदांत व्हरांडा पार केला. मग भिंत धरून धापा टाकत म्हणाले, "रुसले नाही, आराम करून राहिले."

सुई टोचून झाली. नानी घरी गेली. तीन तासांनी आबाजी रमतगमत चालले. बघायला होतंच कोण? वीस सेकंद.

"फरक नाही," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन नको."

सोबत आलेले छायाचे बाबा मान हलवून मोकळे झाले. छायाला मात्र ते पटेना. म्हणजे आबाजी आता जन्मभर असेच चिकटलेले?

"डॉक्टर, प्रयोग चुकला," ती म्हणाली. "पहिल्या वेळी विहीण होती."

"कोण होती?"

"विहीण. तिच्यापुढे आबाजी मरून पडतील, पण हळू चालणार नाहीत. शाळेत बाई म्हणतात, एक गोष्ट बदलायची तर बाकी सगळं सारखं ठेवा. दोन्ही वेळा नानी पाहिजे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बोलव मग."

छाया धावतच गेली. अंबाबाई कणकेच्या हातांनीच आली. "आता काऊन बलावलं? इवाई पळाले का?"

नऊ सेकंद. भिंतीला हात नाही, धाप नाही. वरून कोणी न सांगता आबाजी परतही आले.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख लिहिली. आबाजींनी छायाला हळूच जवळ ओढलं.

"डोकं भादरतेत म्हणे पुरं. त्या दिवशी हिले बलावू नको, बाप्पा."