चिठ्ठी बदलली असणार

आमच्या शिवणकामाच्या दुकानात एक नियम आहे. कपडा आणि माणूस जुळत नसेल, तर चिठ्ठी बदलली असं समजायचं. नियम सासूबाईंचा. गल्ल्यावर त्या बसतात, मापाच्या चिठ्ठ्या त्या लिहितात आणि टाचणीने कपड्याला लावतातही त्याच. एकदा एका धिप्पाड ट्रकवाल्याच्या हातात शाळेतल्या काटकुळ्या मास्तरांची पँट गेली होती. तो भला माणूस बदलायच्या खोलीत वीस मिनिटं झटापट करत होता. तेव्हापासून सासूबाई गिऱ्हाईक दारात दिसलं की आधी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघतात, मग चिठ्ठी बघतात आणि काही खटकलं तर कुणाला न विचारता टाचणी काढून चिठ्ठी दुसरीकडे लावतात. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा त्यांचं बरोबर असतं. उरलेल्या एका वेळेची ही गोष्ट.

मी थोरली सून. कटिंग माझ्याकडे. वजन अठ्ठ्याण्णव किलो, आणि हे लपवण्यात काही अर्थ नाही, कारण ते लपत नाही. मशीन धाकटीकडे, म्हणजे माझ्या जावेकडे. ती अंगाने फणसाच्या शेजारी उभ्या केलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी. फणस कोण ते सांगायला नको. ती दिवसभर केकचे तुकडे आणि बिस्किटं तोंडात टाकते, चहात तीन चमचे साखर घालते, आणि सगळे कौतुकाने म्हणतात, हिच्या अंगाला काही लागतच नाही. मी पाणी प्यायले तरी शेजारची लोणी-पावाची दुकानदारीण मला विचारते, आज उपाशी नाही वाटतं?

आमच्या गल्लीतल्या व्यापाऱ्यांच्या मंडळाने दुकानदारांसाठी रक्ततपासणी ठेवली. आम्ही दोघी गेलो. माझा नंबर एक्केचाळीस, तिचा बेचाळीस. आडनाव एक, नावाचं पहिलं अक्षर एक, वयात फक्त एका वर्षाचा फरक. आठवड्याने दोन पाकिटं दुकानात आली. प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी टाचलेली होती. सासूबाईंनी ती गल्ल्यावरच उघडली. एका कागदावर सगळे आकडे शहाण्या मुलासारखे ओळीत होते. दुसऱ्यावर साखर, साखरेची तीन महिन्यांची सरासरी आणि रक्तातली चरबी अशा तीन ठिकाणी लाल खुणा होत्या.

लाल खुणांचा कागद मला मिळाला. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर नवल वाटलं नाही. लहानपणापासून घरचे, दारचे, गिऱ्हाइकं, नातेवाईक मला हेच सांगत आलेत की एक दिवस तुझं काही खरं नाही. तो दिवस आला, एवढंच वाटलं. कागदावर माझं वय त्रेचाळीस लिहिलं होतं, खरं तर मला चव्वेचाळीस पूर्ण झाली होती. मी म्हटलं, चला, आजार दिला पण एक वर्ष तरी परत दिलं. ह्याच्यापलीकडे मी तो कागद वाचला नाही.

डॉक्टरांकडे जायच्या आधी पथ्य, असा सासूबाईंनी हुकूम काढला. तीन आठवडे मी उकडलेल्या भाज्या खाल्ल्या. पहाटे उठून नदीकाठच्या रस्त्याने चालले. नवऱ्याने सोबत म्हणून दोन दिवस उकडलेली भाजी खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी त्याला ऑफिसात अचानक उशीर होऊ लागला. धाकटीने मात्र माझी फार काळजी घेतली. माझ्या समोर खायला नको म्हणून ती केक मागच्या खोलीत जाऊन खायची. एकदा मशीनवर बसल्या बसल्या माझा हात धरून म्हणाली, ताई, तुम्हाला काही झालं तर माझं कसं होणार. तिच्या बोटाला पट्टी होती. सुई लागली होती, पंधरा दिवस होऊन गेले तरी भरत नव्हती. मी बघितलं आणि सोडून दिलं. आमच्या धंद्यात बोटाला सुई लागतेच.

चौथ्या आठवड्यात मी गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांकडे गेले. म्हातारे आहेत, कमी बोलतात. त्यांनी कागद वाचला, माझा रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला. मग बोटाला टोचून साखर बघितली, ती अगदी नेमकी निघाली. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, तुमचं वय काय? मी खरं सांगितलं. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि वयावर बोट ठेवलं. तीन महिन्यांची सरासरी एवढी वाढलेली असेल तर तीन आठवड्यांच्या भाजीने साखर अशी जमिनीवर येत नाही, असं त्यांचं म्हणणं. खात्रीसाठी त्यांनी माझं रक्त पुन्हा तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सगळं व्यवस्थित निघालं.

मी विचारलं, असं कसं होईल, माझ्याकडे बघा तरी. तेव्हा म्हातारबुवा पहिल्यांदा हसले. त्यांनी सांगितलं की काही जाड माणसांची चरबी कातडीखाली, मांड्यांत, नितंबांत राहते आणि रक्ताचे आकडे बरीच वर्षं चांगले राहतात. आणि काही बारीक माणसांची चरबी पोटात, यकृताभोवती जाऊन बसते, बाहेरून पत्ता लागत नाही. पण ह्याचा अर्थ तुम्हाला आयुष्यभराची सनद मिळाली असा घेऊ नका, असंही त्यांनी बजावलं. आकडे आज चांगले आहेत, उद्या बिघडू शकतात, गुडघ्यांना तर वजन आजही कळतंय. चालणं सोडू नका, दर वर्षी रक्त दाखवा. मी मान डोलावली. माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. त्रेचाळीस वय कुणाचं, ते मला माहीत होतं.

दुकानात येऊन मी सरळ सासूबाईंना विचारलं. त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत.

“बदलल्या मी चिठ्ठ्या. पाकिटातलं बघितलं आणि तुम्हा दोघींकडे बघितलं. चूक त्यांची, मी दुरुस्त केली.”

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ते हे. मला इतका राग आला की मी हातातला खडू मोडला. त्यांच्यावर आला, आणि त्याहून जास्त माझा मलाच आला. त्यांनी निदान कागद वाचून चूक केली होती. मी तर न वाचताच मान खाली घातली होती. एवढी वर्षं लोकांची मापं घेते, कुणाच्याही अंगाला हात न लावता अंदाज करत नाही, आणि स्वतःच्या बाबतीत लोकांचा अंदाज खरा धरून बसले.

सासूबाईंचा चेहरा मात्र हळूहळू उतरला. धाकटी त्यांची लाडकी. तिच्या बशीत केकचा दुसरा तुकडा कोण ठेवतं ते त्यांनाच ठाऊक होतं.

धाकटीला सांगितलं तर ती हसायलाच लागली. मी दोन्ही कागद तिच्यासमोर ठेवले तेव्हा हसू थांबलं आणि ती चिडली. म्हणाली, लॅब चुकली असेल, डॉक्टर म्हातारे झालेत, तुम्हाला माझं बरं बघवत नाही. हे शेवटचं मला लागलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पुन्हा तपासायला चल म्हटलं की मशीन जोरात चालवायची. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, हे आमच्या दुकानातलं जुनं सोंग आहे.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की आकडे पुरे झाले, टेप काढायची. दुपारी दुकान रिकामं होतं. मी म्हटलं, उभी राहा, नवीन ड्रेस कापते तुझ्यासाठी. कापडाला ती नाही म्हणत नाही. खांदा घेतला, चार वर्षांपूर्वीच्या वहीत होता तेवढाच. दंड आणि मांडी उलट कमी झालेली. कमर मात्र एकोणतीसवरून चौतीसवर गेली होती. मागच्या खोलीत खुंटीला तिचे रोजचे ड्रेस होते, ते आणून उलटे करून टेबलावर टाकले. शिवणीच्या आत कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो, म्हणजे पुढे माणूस वाढला तर सोडायला जागा राहते. तिच्या एकाही ड्रेसच्या कमरेला माया उरली नव्हती. तिनेच एकेक करून उसवून ती सोडली होती. कुणाला न सांगता, चार वर्षं.

ती टेबलाशी उभी राहिली. पट्टीच्या बोटाने शिवण चाचपत होती.

“रात्रीत चार वेळा उठते मी,” ती म्हणाली. “सुईत दोरा ओवता येत नाही, आईंकडून ओवून घेते. मला वाटलं, वय झालं. मी बारीक आहे ना, ताई. घरात माझ्याकडे तेवढंच एक चांगलं होतं.”

मी तिला जवळ घेतलं. माझ्याजवळ घ्यायला जागा भरपूर आहे. तुझा हात मशीनवर असतो तेव्हा माझं वाकडं कटिंगसुद्धा सरळ दिसतं, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. ती रडली, मग नाक पुसत म्हणाली की हे आधी सांगितलं असतं तर पगार वाढवून मागितला असता.

धाकटीच्या दुसऱ्या खेपेच्या तपासणीत आकडे तेच आले. म्हाताऱ्या डॉक्टरांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या साखरेच्या मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. जायच्या दिवशी धाकटीने तीनदा विचारलं की तिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही ना. बसमध्ये फाइल माझ्या मांडीवर ठेवली. विचारलं कुणी तर तुमची म्हणून सांगा, असं हळूच म्हणाली. मी हो म्हटलं. नाहीतरी विचारणाऱ्याला मी सांगायची गरजच पडली नसती.

मोठे डॉक्टर तरुण होते, टापटीप. आम्ही दोघी आत गेलो. फाइल माझ्या हातात होती. त्यांनी एकवार माझ्याकडे बघितलं आणि तपासणीच्या खुर्चीकडे हात केला. धाकटीला भिंतीजवळचं स्टूल दाखवलं. मी खुर्चीशी उभी राहीपर्यंत त्यांचं सुरूही झालं होतं. सगळ्यात आधी वजन, बाई. गोड बंद. तळलेलं बंद. घरच्यांनीही लक्ष द्यायला हवं, असं म्हणत त्यांनी धाकटीकडे बघितलं.

मी काही बोलणार नव्हते. मी शब्द दिला होता, आणि असली भाषणं मला पाठ आहेत. पाच मिनिटांत संपतात.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. धाकटी उठली, माझ्या हातातून तिने फाइल घेतली आणि खुर्चीत बसली. तिचे कान लाल झाले होते.

“डॉक्टर, पेशंट मी आहे,” ती म्हणाली. “ह्या माझ्या जाऊबाई. ह्यांना काही झालेलं नाही, ह्या माझ्यासाठी आल्यात.”