दुरुस्त केलेली अक्षरं

तेचिमान गावच्या बाजारातली निम्मी दुकानं पोकुआच्या बापाने रंगवलेली होती. न्हाव्याची पाटी, शिवणवालीची पाटी, कोंबड्यांच्या खाद्याचं दुकान, चर्चचा फलक, प्रवासी नेणाऱ्या ट्रोट्रो गाड्यांच्या पाठीवर देवाला आणि सासूला उद्देशून लिहिलेली वाक्यं. सगळ्याच्या खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, ‘बारिमा आर्ट्स’. लहानपणी ती बापाबरोबर बाजारातून चालली की लोक तिला पोकुआ म्हणत नसत, पाटीवाल्याची पोर म्हणत. तिला ते फार आवडायचं.

बापाच्या सगळ्या अक्षरांत तिचा जीव होता तो त्याच्या इंग्रजी ‘आर’वर. त्याचा पाय सरळ खाली यायचा नाही. जरा बाहेर फेकलेला असायचा आणि टोकाशी टाच रोवल्यासारखा थांबायचा. सात वर्षांची असताना तिने विचारलं होतं, “पापा, याचा पाय असा का?”

“डोक्यावर याम कंदांचं ओझं घेतलेली बाई बघ,” बारिमा ब्रश न थांबवता म्हणाला होता. “उभी राहताना एक पाय ती असाच बाहेर रोवते. नाहीतर पडेल.”

ही गोष्ट घेऊनच ती राजधानीत, अक्राला, कॉलेजात गेली. ग्राफिक आणि डिजिटल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक मोठा प्रकल्प करावा लागायचा. तिच्या खोलीत राहणारी झुवेरा उत्तरेकडची होती, तिने शिया बियांच्या लोण्याच्या डब्यांची वेष्टनं घेतली. पोकुआने बापाच्या अक्षरांचा फॉन्ट करायचं ठरवलं. तिला शिकवणाऱ्या एसेनाम मॅडम ते ऐकून खुर्चीत सरळ बसल्या. “इतकी वर्षं पोरं परदेशी फॉन्ट उचलून आणतात,” त्या म्हणाल्या. “घरून अक्षरं आणणारी तू पहिलीच.”

ख्रिसमसच्या सुट्टीत तिने गाव पालथं घातलं आणि कॉलेजच्या कॅमेऱ्याने पाट्यांचे तीनशे चाळीस फोटो काढले. परत येऊन एकेक अक्षर संगणकावर गिरवायला घेतलं तेव्हा अडचण उभी राहिली. एकाच माणसाचे चौदा आर आणि चौदा तऱ्हेचे. कुणाचा पाय लांब, कुणाचा आखूड, कुणाची टाच वर उचललेली.

“फॉन्टमध्ये आर एकच असतो,” मॅडम म्हणाल्या. “कुठे भिंत खडबडीत असेल, कुठे ब्रश सुकला असेल. ते सगळं गाळ. हाताच्या चुका काढून टाकल्या की उरतं ते खरं अक्षर.”

मग तिने चौदा आर एकमेकांवर ठेवले, त्यांच्या मधोमध रेघ ओढली, ती गुळगुळीत केली, कोन मोजून सरळ केले. तसंच बाकीच्या अक्षरांचं. त्यांच्या ट्वी भाषेला दोन अक्षरं जास्तीची लागतात, एक इंग्रजी उलट्या तीनसारखं आणि एक उलट्या ‘सी’सारखं. बापाचं ते दुसरं अक्षर तोंड वासून पुढे झुकलेलं असायचं. ते इतरांत बसेना. तेव्हा तिने आपला नीट केलेला ‘सी’ घेतला आणि आरशात धरल्यासारखा उलटवला. तीनचा आकडा उलटवून पहिलंही तसंच केलं. फेब्रुवारीच्या शेवटी फॉन्ट पुरा झाला. लॅपटॉप गळ्यापर्यंत भरला होता, सारखा बंद पडायचा. अक्षरं तयार होती, आता फोटोंचं काय काम, असं म्हणून तिने सगळे फोटो, गिरवलेल्या कच्च्या आकृत्यांसकट, पुसून टाकले.

जूनमध्ये परीक्षा झाली. भिंतभर कागद लावले होते आणि मधोमध माणसाएवढा उंच आर. “परीक्षक दारातच टोपी काढणार बघ,” झुवेरा म्हणाली. आरच्या शेजारी पोकुआने मोठ्या टायपात लिहिलं होतं : ही अक्षरं कुठल्याही पुस्तकातून आलेली नाहीत, ती एका माणसाच्या हातातून आली आहेत.

बाहेरून आलेले परीक्षक, लार्टे सर, साठी उलटलेले होते. त्या आरसमोर ते बराच वेळ उभे राहिले.

“हा तुझ्या वडिलांचा?”

“हो सर.” तिने यामवाल्या बाईची गोष्ट सांगितली. त्यांनी मध्ये न बोलता ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

“मुली,” ते म्हणाले, “हा आर मी चमच्याच्या दांड्याने घासलेला आहे.”

मागे उभी असलेली दोघंतिघं पोरं हसली. लार्टे सर हसले नाहीत.

“मी तरुणपणी छापखान्यात होतो. तेव्हा परदेशातून अक्षरांचे कागद यायचे. कागद ठेवायचा, वरून घासायचं, की अक्षर खाली चिकटायचं. हा त्या कागदावरचा आहे असं मला वाटतं. चूक ठरलो तर मला आनंदच होईल.”

त्यांनी फोनवर शोधून त्या जुन्या कागदाचं चित्र काढलं. मॅडमनी ते पडद्यावर घेतलं आणि त्यावर पोकुआचा आर ठेवला. खाली काळा, वर लाल. काळं कुठूनही डोकावलं नाही. मग ‘जी’ ठेवला, ‘एस’ ठेवला. तेच.  पोकुआच्या कानात नुसती पंख्याची घरघर होती.

“तू खोटं बोललीस असं मी म्हणत नाही,” लार्टे सर हळू आवाजात म्हणाले. “पण लिहिलंस ते खरं नाही. हे मी पास करू शकत नाही.” मग त्यांनी चष्मा काढला. “एक सांग. तीस वर्षं माणूस एकच अक्षर काढतो आणि ते जसंच्या तसं राहतं, असं होत नसतं. त्याचं स्वतःचं काहीतरी त्यात उतरणारच. तुझे मूळ फोटो आण. या कागदापासून त्याचा हात जिथे जिथे सुटला, ते दाखव. तोच खरा प्रकल्प होईल. सहा आठवडे देतो.”

“फोटो नाहीत सर. पुसले.”

“सगळे?”

“सगळे.”

“पण फरक होता ना?”

“होता,” पोकुआ म्हणाली. “तो मी दुरुस्त केला.”

लार्टे सरांनी भिंतीवरच्या तिच्या कागदातल्या त्या दोन ट्वी अक्षरांवर बोट ठेवलं. “ही तरी परदेशी कागदावर असणं शक्य नाही. ही त्याची असतील.”

“नाही सर. ही मी उलटवून केली.”

एसेनाम मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. उलटवायची युक्ती त्यांनीच वर्गात शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने ती तेचिमानला निघाली. आठ तासांत तिने पिण्याच्या पाण्याची एक पिशवी तेवढी दातांनी फोडली. घरी न जाता ती आधी बाजारात शिरली. न्हाव्याच्या दुकानावर आता फ्लेक्स होता, त्यावर कुठल्याशा परदेशी माणसाचं डोकं. शाळेच्या भिंतीवर एका फोन कंपनीने आपला रंग फासला होता. शिवणवालीने पाटी पावसात कुजली म्हणून जाळली होती. “तुझ्या बापाला नवी करायला सांगितलीय,” ती म्हणाली, “काळजी नको करू.” मार्चमध्ये रस्ता रुंद करायला नगरपालिकेने दुकानांच्या रांगा पाडल्या होत्या आणि नव्या दुकानांवर सगळीकडे फ्लेक्स चढले होते. अंधार पडेपर्यंत फिरून जुन्या कामातली एकच गोष्ट हाती लागली. मिस्त्रीच्या अंगणात विटांवर चढवलेली, चाकं नसलेली एक ट्रोट्रो. तिच्या पाठीवर देवाचं नाव होतं. त्या नावात आर नव्हता.

तरी तिच्या मनात एक धीर होता. पाट्या गेल्या तरी हात आहे. बाप आहे तोवर अक्षर कुठे जातंय? त्याला सांगू, पापा, मला पुन्हा सगळी काढून द्या, जशी यायची तशीच.

बारिमा आपल्या रंगकामाच्या टपरीबाहेर स्टुलावर बसून मक्याचं केंके खात होता. तिला बघून हात न धुताच उठला. “अगं, न सांगता? परीक्षा झाली वाटतं. बस, मासा घे.”

तिने मासा घेतला नाही. टपरीला टेकून दोन नव्या पाट्या वाळत ठेवल्या होत्या. एक शिवणवालीची. तिच्यावरचा आर तिने वाकून पाहिला. पाय नेमक्या कोनात उतरला होता. टाच टोकाशी सपाट. पडद्यावरच्या त्या आरसारखा हुबेहूब.

“हे तुम्ही काढलंत?”

“मग काय तुझ्या आत्याने?” बारिमा खूश होऊन म्हणाला. “बघ, तुझ्यासारखा आलाय की नाही.”

आत फळीवर फेब्रुवारीत तिने बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेला कागद लावला होता. तिच्या फॉन्टची सगळी अक्षरं, कौतुकाने छापून पाठवलेली. बारिमाने त्यावर प्लास्टिक चढवलं होतं आणि प्रत्येक अक्षराभोवती पेन्सिलीने चौकटी आखल्या होत्या.

“तीस वर्षं मी तो पाय जास्तच फेकत होतो,” तो म्हणाला. “कुणी सांगितलंच नाही. तू सरळ केलास. शिकलेला डोळा तो शिकलेला डोळा. पहिले दोन महिने जमेना, हात आपला जुन्या वाटेने पळायचा. आता बसलाय. गिऱ्हाइकं म्हणतात, म्हातारा छापल्यासारखं काढायला लागला.”

पोकुआ स्टुलावर बसली. तिने विचारलं, “पापा, तो आर तुम्हाला कुठे मिळाला होता? पहिल्यांदा?”

“उस्तादाकडे. आग्या दोन्कोरकडे घासून अक्षरं उमटवायचे तीन कागद होते, कुठल्याशा लेबनीज दुकानदाराने फेकलेले. त्यावरून शिकलो आम्ही सगळे.”

“मला तुम्ही यामवाली बाई सांगितली होती.”

“तू सात वर्षांची होतीस,” बारिमा म्हणाला. “सारखं का का विचारायचीस. काहीतरी सांगायला नको का?”

तिने त्याच्या हातात ब्रश दिला. एक फळी पुढे ठेवली. “पूर्वी काढायचात तसा काढा. एकच.”

तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने कारण विचारलं नाही. पहिला आर काढला, तो कागदावरचाच उतरला. त्याने पुसला. दुसऱ्यांदा मुद्दाम पाय फेकला, तो इतका गेला की अक्षर घसरून पडतंय असं वाटलं. तिसऱ्यांदा त्याने डोळे बारीक केले, श्वास धरला. बराच वेळ घेतला.

“हा लंगडा झाला,” तो म्हणाला.

“पुन्हा बघा पापा.”

“नाही गं येत.” त्याने ब्रश खाली ठेवला. “पूर्वी मी विचार करत नव्हतो. आता पाय कुठे टाकायचा हे आधी डोक्यात येतं. पण झालंय काय ते तरी सांग.”

तिने सांगितलं. कागद, पडदा, लाल आणि काळा. बारिमाने सगळं ऐकलं. टपरीसमोरून कांद्याची हातगाडी गेली, गाडीवाल्याने हाक मारली, ‘काय मास्टर’, त्याने नुसता हात वर केला.

“म्हणजे माझ्या अक्षरांनी तुला नापास केलं.”

“तुमच्या नाही. मी तुमची ठेवलीच नाहीत. मी त्यातून तुम्हालाच काढून टाकलं.”

“मी काय होतो त्यात? चुकाच होत्या ना?”

“त्याच हव्या होत्या त्यांना.”

 ती आपलं मन राखायला असं बोलते आहे असं बारिमाला वाटतंय, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तिने तेच तीन वेळा, तीन तऱ्हांनी सांगितलं. तो दर वेळी मान हलवून ‘बरं’ म्हणाला.

“एका पोरीला मी वेळ मारून न्यायला गोष्ट सांगितली,” शेवटी तो म्हणाला, “आणि ती तिने मोठ्या लोकांसमोर नेऊन खरी म्हणून मांडली. हसले असतील.”

“कुणी हसलं नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून धुऊ लागला. खूप वेळ धूत होता.

पोकुआ अक्राला परतली. सहा आठवड्यांत तिने त्या प्रकल्पाऐवजी पिण्याच्या पाण्याच्या पिशव्या फोनवरून मागवायच्या अॅपचे स्क्रीन केले. फॉन्ट तयार, विकतचा घेतला. काम नीटनेटकं होतं. लार्टे सरांनी ते पाच मिनिटांत पाहिलं, एकही प्रश्न विचारला नाही, सही केली.  झुवेराने त्या दिवशी तिच्यासाठी वाचे, चवळी घातलेला भात, आणलं, वर दोन अंडी घालून. “पास तर झालीस,” ती म्हणाली. पोकुआने अंडी खाल्ली आणि भात तसाच ठेवला.

ऑगस्टमध्ये ती घरी गेली तेव्हा टपरीचं दार बंद होतं. शेजारणीने सांगितलं की बारिमा आता पाट्या घेत नाही. कुणी आलं की चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडे पाठवतो, म्हणतो तिथलं अक्षर चोख असतं. शिवणवालीच्या नव्या पाटीवर त्याने कोपऱ्यात आपलं नावसुद्धा घातलं नव्हतं.

तो तिला बसस्थानकामागे सापडला. फोन कंपनीच्या कामावर होता. शिडीवर उभा राहून लांब दांड्याच्या रोलरने भिंतीला एकच रंग देत होता. त्या भिंतीवर पूर्वी काय होतं ते तिला आठवेना. अक्षरं नंतर दुसरी माणसं साच्याने मारणार होती.

“आलीस?” तो वरून म्हणाला. “जेवलीस का? घरात सूप आहे, फुफूचा गोळा तेवढा कुटून घे.”

“उतरा, पापा. दोघं जेवू.”

“एवढा पट्टा संपवतो. मध्येच थांबलं की जोड दिसतो.”

ती शिडी धरून उभी राहिली. शिडी हलत नव्हती, धरायची गरज नव्हती. वरून रंगाचे थेंब तिच्या मनगटावर पडत होते आणि ती ते पुसत नव्हती. बारिमा एकसारखा हात फिरवत राहिला, वर, खाली, वर, खाली.