होडीला कुलूप

मा दॉक-बेचं काहीतरी काळंबेरं आहे, याबद्दल ओक्-रानबाईंची खात्री पटली होती. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई आणि तो तलावाकाठचा मासेमार. दहा हिवाळे दोघं मिळून सान्दल तलावावरची बदकं मोजत आले होते. पण यंदा त्याचा मुलगा सौर पॅनेलच्या कंपनीत चिकटला होता, आणि त्याच कंपनीला अख्खा तलाव पॅनेलांनी झाकायचा होता. मोजणीत हजार बदकं भरली तरच तलाव वाचणार होता.

थंडीने बाकी तलाव गोठला होता. लव्हाळ्यापाशी तेवढं पाणी उघडं होतं, आणि सगळी बदकं तिथेच. चार दिवस रोज पहाटे दॉक-बे नेमका तिथे होडी घालायचा, वल्ह्याने धपाधप मारायचा आणि पाखरं भुर्र उडायची. बाईंनी हे दुर्बिणीतून स्वतः पाहिलं होतं.

मोजणीच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलंच. "दॉक-बे भाऊ, पहाटे पहाटे पाण्यात काय करता हो?"

"जाळं बघतो, बाई." त्याने भाजलेलं रताळं पुढे केलं. "घ्या, गरम आहे."

"या थंडीत? मासे काय स्वेटर घालून येतात?"

तो हसला, पण नजर चुकवून. चोराच्या मनात चांदणं, बाई मनात म्हणाल्या. रताळं त्यांनी घेतलं नाही.

संध्याकाळी त्यांनी होडीच्या साखळीला आपलं सायकलचं कुलूप ठोकलं, वल्हं घरी आणलं आणि त्या निवांत झोपल्या.

सकाळी आठला देशभर सगळ्या तलावांवर एकदमच मोजणी सुरू होते. बाई बांधावर आल्या, तर लव्हाळ्यापाशीही बर्फ. पाण्याचा ठिपका नाही, पाखरू नाही.

दॉक-बे काठावर बसला होता. "रोज बर्फ फोडून पाणी उघडं ठेवत होतो, बाई. घटकाभर उडायची, परत उतरायची. काल बाराशे होती."

"मग मला सांगायचं नाही का, माणसा?"

"तुम्ही करू दिलं असतं? गेल्या वर्षी मूठभर तांदूळ टाकले, तर चारचौघांत माझी खरडपट्टी काढलीत. मोजणीआधी कशाला हात लावायचा नाही म्हणून."

विज्ञान शिकवण्यात हयात गेली आणि पाणी गोठतं एवढं सुचलं नाही! बाईंना स्वतःची शरम वाटली.

"होडीला कुलूप माझ्या पोराने घातलं," तो म्हणाला. "नाही नाही म्हणत होता. पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणून हाकलला पहाटे."

बाईंनी खिशातून किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. "भाऊ, कुलूप मी लावलं. मला वाटलं, तुम्ही बदकं हुसकावताय."

तो उठून त्यांच्याजवळ आला. मग म्हणाला, "मोजणीचा कागद काढा."

बाईंनी शून्य लिहिलं. त्याने खाली सही केली आणि आपला फोन त्यांच्या हातात दिला.

"पोराला लावा. तुम्हीच सांगा त्याला."