मडमचा शब्द

बावन्न साली धुळ्यात गनीची बेकरी होती. मिशनच्या दवाखान्यात नवी मडम आल्यापासून तो पाव द्यायला स्वतःच जाऊ लागला. परतल्यावर मैदा मळताना 'नीड, नीड' असं पुटपुटायचा. त्याच्या बायकोनं, जैनबनं, अर्थ विचारला तर नुसता लाजून हसला.

शेजारच्या कुंदाबाईला थोडं इंग्रजी येत होतं. ती म्हणाली, "नीड म्हणजे गरज असणं. मला तुमची गरज आहे, तसं."

 दुसऱ्या सकाळी जैनब गुपचूप गनीच्या मागोमाग गेली. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात मडम परातीपुढे उभी होती, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. गनी तिला सांगत होता, "नीड, मॅडम, नीड! अजून जोर!"

"कुणाला कुणाची गरज आहे?" जैनबनं दारातूनच विचारलं.

गनी दचकला. "अगं, तो नीड वेगळा. हा म्हणजे मळणं. ऐकायला सारखे, लिहायला वेगळे, असं मडम सांगते. तिला पाव शिकायचाय. मी इंग्रजी बोलतो म्हणून तू हसशील, असं वाटलं."

जैनबनं मडमकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिनं बाह्या वर सारल्या.

"तुम्ही बेकरीत जा. उद्यापासून पाव मी आणीन, आणि मडमला मीच शिकवीन."