आप्पांच्या चेहऱ्यावरचे हिरवे चौकोन

सकाळी स्टुडिओत येऊन चिमीने कॉम्प्युटर सुरू केला, फिल्म उघडली, आणि पडद्यावर तिच्या वडिलांच्या तोंडावर शेवाळ चढलं. आधी गालावर एक हिरवा चौकोन आला, मग कपाळावर दोन, मग हनुवटी खाली ओघळून शर्टात मिसळली. आवाज मात्र ठणठणीत चालू होता. आप्पा थोरल्या नातवाला अभ्यास कर म्हणून सांगत होते आणि त्यांचं नाक कानाच्या बाजूला सरकत होतं. चिमीने घाईने फिल्म थांबवली.

चिमी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे. चाळिशी ओलांडलेली, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा, बाहेर सगळे तिला मॅडम म्हणायचे. पण घरात ती शेंडेफळ, आणि घरातलं नाव एकदा चिकटलं की म्हातारपणीही सुटत नाही. लोकांच्या फिल्म जोडून देणं हा तिचा धंदा. भागीदार एकच, आवाजाचं काम बघणारा. तो हळू बोलूच शकत नसे, म्हणून त्याला भोंगा म्हणत.

"अपडेट कोणी केलं?" चिमीने विचारलं.

"मी!" भोंगा पलीकडच्या खोलीतून ओरडला. "रोज कोपऱ्यात येऊन टुकटुक करत होतं. म्हटलं, घे बाबा एकदाचं!"

चिमीने कपाळावर हात मारला. या धंद्यात एक गोष्ट शेंबडं पोरही पाळतं. हातातलं काम पुरं झाल्याशिवाय सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही. आणि हे काम साधं नव्हतं. आप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्याच्या खोलीत त्यांनी एकेकाला नावाने हाक मारून दोन शब्द सांगितले होते, आणि दादाने ते फोनवर टिपले होते. आप्पांचा आवाज म्हणून या जगात आता एवढाच उरला होता. त्यांच्या वाढदिवसाला सगळ्या घरादारासमोर ही फिल्म दाखवायची होती, आणि वाढदिवस उद्यावर आला होता.

त्या फिल्ममध्ये चिमीसाठी काही नव्हतं. दादाला होतं, वहिनीला होतं, नातवंडांना होतं, इतकंच काय, शेजारच्या डॉक्टरांनाही होतं. चिमी तेव्हा खाली औषधांच्या दुकानात रांगेत उभी होती. मी समोर नव्हते, म्हणून राहून गेलं असेल, असं तिने स्वतःला बजावलं होतं आणि तो घोट गिळून टाकला होता. पण गिळलं म्हणून पचतं असं थोडंच आहे? फिल्म जोडताना दर वेळी वहिनीची पाळी आली की ती आवाज बारीक करायची.

आता रुसण्याफुगण्याला वेळ नव्हता. चिमी कामाला लागली. सॉफ्टवेअर मागच्या कामाचे तुकडे साठवून ठेवतं, ते सगळे तिने आधी पुसले. निम्मे चौकोन गेले. मग चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाकडून काढून साध्या प्रोसेसरवर टाकलं. कॉम्प्युटर म्हशीसारखा बसला, पण हनुवटी जागेवर आली. फोनवरच्या चित्रणाचा वेग कमीजास्त होतो, म्हणून सगळी फाइल एका वेगाची करून घेतली. तेवढ्यात भोंगा चहा घेऊन आला. चहावर साय धरली होती आणि कपाच्या कानाला कालचं काहीतरी चिकटलं होतं.

"झालं?" त्याने विचारलं.

"एक जागा राहिली," चिमी म्हणाली. "आणि हा कप लांब ने आधी. शिसारी येते."

वहिनीचं संपून नातवाचं सुरू होतं, तिथली ती जागा. बाकी सगळं धुतल्यासारखं स्वच्छ, पण तिथे आलं की आप्पांचा चेहरा हिरव्या चौकोनांत फुटायचा आणि मग पुन्हा जुळायचा. पुन्हा पुन्हा तेच. चिमीने काय काय करून पाहिलं! दुसरं सॉफ्टवेअर घेतलं, फाइल नव्याने उतरवली, शेवटी भोंग्याच्या जुन्या लॅपटॉपवर आधीचं व्हर्जन होतं, त्यातही लावून पाहिली. तिथे चौकोन दिसेनात. चेहरा फक्त किंचित थबकायचा आणि पुढे जायचा. म्हणजे मोडकं चित्र जुन्यातही होतंच, फक्त जुनं व्हर्जन मागचंच चित्र पुढे ओढून वेळ मारून नेत होतं. नवीन येडं होतं, पण जे मोडलंय ते मोडलेलं दाखवत होतं.

चिमीने चष्मा पुसला आणि त्या जागेच्या आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र शेजारी शेजारी लावलं. आधीच्या चित्रात आप्पांच्या डोळ्यांवर चष्मा होता, उशाजवळचा पाण्याचा ग्लास भरलेला होता. नंतरच्या चित्रात चष्मा हातात होता, ग्लास अर्धा झाला होता, आणि आप्पांचे डोळे लाल होते. मध्ये डोळ्याचं पातं लवायलाही वेळ नव्हता.

एवढ्यात माणूस पाणी पीत नाही. रडतही नाही.

"भोंग्या," ती म्हणाली, "ही फाइल आपल्याकडे येण्याआधीच कोणीतरी कापलीय."

भोंगा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "मूळ फाइल मागव."

चिमी स्टुडिओतून उठली ती तडक दादाच्या दुकानात गेली. दादाचं फरशांचं दुकान. तो गल्ल्यावर बसून फोनमध्ये स्वतःच्या नव्या गाडीचा व्हिडिओ बघत होता. तिला बघून खूश झाला.

"ये ये चिमे! हे बघ, पुढून कशी दिसते गाडी. मागून पण घेतलाय. आणि हा पावसातला."

"दादा, आप्पांचा मूळ व्हिडिओ दे."

"दिला की तुला."

"तो कापलेला आहे. सगळा दे."

"हां, ते होय," दादा म्हणाला, अगदी सहज. "अगं, जातच नव्हता तो पाठवायला. फाइल मोठी आहे म्हणायचा. मग एक फुकटचं ॲप मिळालं, त्यात जरा छाटला. जे महत्त्वाचं नाही ते काढलं."

"महत्त्वाचं नाही म्हणजे काय?"

"म्हणजे तुझ्याशी बोलले होते ते. फार वेळ लावला गं त्यांनी तिथे. आता बाकी कोणाचं काढणार? तुझ्या वहिनीचं काढलं असतं, तर तिने घरात घेतलं असतं का मला? तू काय, घरचीच."

मूळ फाइल कुठे आहे, हे चिमीने विचारलं खरं, पण उत्तर तिला त्याच्या हातातल्या फोनमध्ये दिसतच होतं. गाडी पुढून, गाडी मागून, गाडी पावसात. फुलांची चित्रं, सुप्रभात, शुभ रात्री, कोणाच्या तरी कुत्र्याची शिंक. हे सगळं ठेवायला त्याच्या फोनमध्ये जागा होती. आप्पा मात्र गाडीच्या पायी पुसले गेले होते.

"काय म्हणाले रे ते?" तिने विचारलं.

"आता काय आठवतंय का मला! मी फोन धरून उभा, हात भरून आलेला. तुझं नाव घेत होते सारखं, एवढं आठवतं. रडले पण जरा." दादाने मान हलवली. "आणि मी सांगितलं त्यांना, काळजी नका करू, चिमीला दाखवतो म्हणून."

तिला त्याच्याकडे बघवेना. तो दुष्ट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. हा तर नुसता फोनमध्ये जागा करत होता! त्या लोळागोळा माणसाची तिला किळस आली, त्याच्या बोटांची, त्याच्या हसण्याची, आणि आपल्या दोघांचं नाक एकसारखं आहे याचीही.

परतताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आप्पांना वाटतंय की हिने ऐकलं. इतके महिने ती त्यांच्याकडे जात होती, जखमेची पट्टी बदलत होती, चहा देत होती. आप्पा पाटीवर "पंखा बंद", "पुरे" असं वाकडंतिकडं लिहायचे आणि मग तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. ती विचारायची, "काय हवंय आप्पा?" ते मान फिरवायचे. पोरीने सगळं ऐकलं आणि एका शब्दाने उत्तर दिलं नाही, असं त्या माणसाला वाटत असणार. आता थेट विचारायचं तरी कसं? माझ्यासाठी काय रडलात ते पाटीवर लिहून द्या म्हणायचं?

स्टुडिओत भोंग्याने तोडगा काढून ठेवला होता. त्या जागी आप्पांचा एखादा जुना फोटो टाकायचा, खाली संगीत सोडायचं, कोणाच्या बापाला कळणार नाही. ही युक्ती चिमीनेच त्याला शिकवली होती. लोकांच्या फिल्ममध्ये अशी भोकं तिने कितीदा बुजवली असतील.

"नाही," ती म्हणाली. "भोक ठेवायचं."

वाढदिवसाला दादाच्या दिवाणखान्यात सगळे जमले. आप्पा टीव्हीसमोरच्या खुर्चीत, गळ्याला रुमाल बांधून बसले होते. चिमी टीव्हीशेजारी लॅपटॉप घेऊन बसली, तिला पडद्यापेक्षा आप्पाच दिसत होते. आप्पांचा आवाज खोलीत घुमला तशी पोरं गप्प झाली. वहिनीने पदर डोळ्यांना लावला. वहिनीची पाळी संपली आणि पडदा काळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं, "इथे आप्पा चिमीशी बोलले. तो भाग कापला गेला. चिमीने तो कधीच ऐकला नाही."

अक्षरं तशीच राहिली. आवाज नाही, संगीत नाही.

आप्पांनी वाचलं. त्यांनी सावकाश दादाकडे पाहिलं, मग चिमीकडे. त्यांनी चष्मा काढला, आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

"अगं ए, हे काय चारचौघांत!" दादा ताडकन उठला आणि रिमोट घेऊन टीव्हीपाशी आला. "अडकलं बघा हिचं सॉफ्टवेअर! बंद कसं करायचं हे?" तो नेमका मध्ये उभा राहिला. चिमीला त्याची पाठ दिसत होती, घामाने भिजलेला शर्ट दिसत होता, आप्पा दिसत नव्हते.

"दादा, बाजूला हो."

"अगं थांब, बघतो ना मी—"

"हो म्हणते ना बाजूला!"

असा आवाज तिने त्या घरात कधी काढला नव्हता. दादा सरकला. तोवर आप्पांचे ओठ मिटले होते. चिमी उठली, त्यांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आप्पा, मी नाही ऐकलं. खरंच नाही ऐकलं."

आप्पांनी रुमालाने तोंड पुसलं, तिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला, आणि नुसत्या ओठांनी पहिल्यापासून सुरुवात केली.