माझ्या मुठीवरची गाठ

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे. गाडीचे नव्हे, वाफेच्या बोटीचे. सुकाणू फिरवायचे काम माझे. इंग्लंडच्या उत्तरेकडील एका तळ्याकाठी, राणीच्या राज्यात, मला सागवानातून घडवले. मला आठ मुठी आहेत. त्यांतली एक ठरावीक मूठ वर आली की समजावे, सुकाणू सरळ आहे. बोट चालवायला शिकणाऱ्या पहिल्या पोराने, जोसेफने, तिच्यावर दोरीची गाठ बांधली, म्हणजे धुक्यात ती नुसत्या हातालाही कळावी.

पुढे डिझेलच्या बोटी आल्या आणि मी ताडपत्रीखाली पडून राहिले. कोणी माझ्यावर रंगाचे डबे ठेवी. मग लोकांनी माझी जुनी बोट दुरुस्त केली, आणि लीड्सची तनिषा माझ्यावर हात बसवू लागली. तिचा तळवा त्या गाठीवर अचूक पडे. मला तिचा अभिमान वाटे.

तिची बोट चालवण्याची परीक्षा नेमकी खंडेनवमीला आली. तिच्या श्यामलाआजी नऊ दिवसांचा उपास धरून आल्या होत्या. हत्यारांची पूजा करायची, तर नातीचे हत्यार मीच! त्यांनी चिंचेने माझे पितळ लखलखीत केले, हळदकुंकू लावले. गाठ मात्र त्यांना मळकी वाटली. ती कापून टाकून त्यांनी समोर वर दिसणाऱ्या मुठीला लाल नाडा बांधला. धक्क्याला बांधलेल्या बोटीचे सुकाणू तेव्हा वळलेले होते, हे त्यांना कोण सांगणार? मला तर बोलता येत नाही.

तनिषाला वाटले, नाडा गाठीवरच बांधला आहे. धुके उतरले. नाडा वर आणून ती निघाली आणि बोट खडकांकडे सरकली. परीक्षक कॅप्टनचा हात माझ्याकडे आला. त्यांनी मला धरले असते तर ती नापास.

"एक मिनिट, सर. मी करते," ती शांतपणे म्हणाली.

तिने इंजिन थांबवायला सांगितले. मला डावीकडे अडेपर्यंत फिरवले, मग उजवीकडे अडेपर्यंत फेरे मोजले आणि निम्मे परत आणले. सरळ! इंजिन पुन्हा सुरू झाले, आणि परतताना बोट धक्क्याला इतकी हळू टेकली की कॅप्टनच्या कपातला चहा हलला नाही. त्यांनी तिला पास केले.

आजी प्रसाद घेऊन आल्या.

"आजी, इथली जुनी गाठ कुठे गेली?"

"ती चिकट सुतळी होय? टाकली. पूजेला घाण ठेवतात का गं?"

"अगं, धुक्यात मी तीच शोधते. बोट खडकावर जात होती."

आजींचा चेहरा उतरला. त्यांनी नाडा सोडला आणि नातीपुढे धरला. "मग कुठे बांधू? तूच दाखव."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा, आम्हाला फार बरे वाटते. फक्त आधी विचारा, हा डाग, ही गाठ कशासाठी आहे. आता तो नाडाही ग्रीसने काळा पडला आहे. यंदा आजी पुन्हा आल्या, सगळे घासले, पण नाड्याला नुसते कुंकू लावले.